लोकरीचा गुंडा

१

झोपेत माणसाचा श्वास थांबतो आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू होतो, तर मधला तेवढा वेळ तो माणूस असतो कुठं?

विश्वजितनं हे पहिल्यांदा विचारलं ते आईला. धोंडुबाई घोंगड्यातूनच म्हणाली, असतोय की हितंच, गप झोप. पुढं त्यानं चुलत्याला विचारलं, एका देवळाच्या पुजाऱ्याला विचारलं, आणि फार पुढं सांगलीच्या डॉक्टरला विचारलं. आईला झोप आली होती, चुलत्याला कंटाळा, पुजाऱ्याला घाई. डॉक्टर हसला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला थोरल्या भावामुळं. ज्योतिबा त्याच्याहून पुष्कळ मोठा. बाप गेला तेव्हा विश्वजित रांगत होता, त्यामुळं बाप कसा असतो ते त्यानं दादाच्या खांद्यावर बसूनच पाहिलं. चौथीनंतर शाळा सुटली तीही दादाच्या मागं पळत सुटली. दादा मेंढरं घेऊन निघाला की हा दप्तर टाकून निघायचा.

घर वडूजच्या पूर्वेला, माळावर. पाऊस बेताचा, चारा त्याहून बेताचा. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या असा सगळा संसार घेऊन खाली तासगावच्या अंगाला उतरायचं. तिथले बागायतदार आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. संध्याकाळी मेंढरांभोवती जाळी लावायची, चूल पेटवायची, जेवायचं. मग ज्योतिबा जाळीच्या कडेला घोंगडं अंथरायचा आणि पाठीवर उताणा पडायचा. दोन्ही हात डोक्याखाली. चांदण्या बघितल्याशिवाय त्याला झोप येत नसे. आणि झोप आली की तो घोरायला लागायचा.

घोरणं कसलं, ट्रॅक्टर चढाला लागल्यासारखा आवाज. शेजारच्या रानात उतरलेले मेंढके त्याची थट्टा करायचे, पण आपला मेंढरांचा वाडा त्याच्या जवळच लावायचे. ज्योतिबा घोरतोय तिथं लांडगा फिरकत नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. आणि खरंच, त्यांच्या वाड्यातलं कोकरू कधी गेलं नव्हतं. दादाच्या घोरण्याचा घरात सगळ्यांना अभिमान होता. धोंडुबाई त्याची दृष्टसुद्धा काढायची. तो आजार असेल, हे कुणाच्या स्वप्नात आलं नाही.

पण विश्वजित दादाच्या कुशीत झोपायचा, त्याला मधलं ऐकू यायचं. घोरणं चढत चढत जायचं आणि एकदम तुटायचं. छाती वरखाली होत असायची, तोंड उघडं असायचं, पण हवा आत जात नसायची, बाहेर येत नसायची. नुसती शांतता. त्या शांततेत जाळीतली मेंढरं रवंथ थांबवायची आणि सगळीच्या सगळी माना वर करायची. अंधारात त्यांचे डोळे चमकायचे, सगळे दादाकडं वळलेले. मग दादा बुडता माणूस वर आल्यासारखा एक घुटका घ्यायचा, घोरणं पुन्हा सुरू व्हायचं आणि माना खाली जायच्या.

त्या शांततेला विश्वजित फार भ्यायचा. ती आली की तो कोपरानं दादाच्या बरगडीत ढोसायचा आणि म्हणायचा, "दादा, कुशीला हो." दादा झोपेतच कुशीवर वळायचा, श्वास लागायचा. हे काम त्याला कुणी लावून दिलं नव्हतं. त्यानंच घेतलं होतं, आणि मोठा झाल्यावरही सोडलं नाही.

२

दिवसा ज्योतिबा पेंगायचा. आधी बसल्या जागी, मग काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या. घास तोंडात असताना डोळा लागायचा. सकाळी उठला की डोकं ठणकायचं. तो म्हणायचा, वय झालं गड्या. वय कसलं, चाळिशीसुद्धा नव्हती.

एकदा तासगावला लालासाहेबांच्या द्राक्षबागेत मेंढरं घुसली. छाटणीनंतरची कोवळी फूट त्यांनी ओळीच्या ओळी खाल्ली. लालासाहेब मोठे बागायतदार, तोंडानं फाटके. मोटारसायकल आडवी टाकून शिव्या द्यायला आले आणि बांधावर थबकले. ज्योतिबा काठीला टेकून उभा होता, डोळे अर्धे उघडे, आणि उभ्यानं घोरत होता.

विश्वजित पळत आला तेव्हा त्याला वाटलं, आता दादाला मार बसणार. तो मधे पडायला निघाला. पण लालासाहेब शिव्या विसरून दादाकडं बघत होते. म्हणाले, "आरं, आमच्या मेव्हण्याचं असंच हुतं. गाडी चालवता चालवता झोपला आन् झाडाला धडकला. ह्ये घोरणं न्हवं गड्या, ह्यो आजार हाय. ह्याला सांगलीला ने."

विश्वजितला धीर कधीच नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मेंढरं चुलत्याच्या गळ्यात घालून त्यानं दादाला एसटीत बसवलं. दवाखान्यात त्यांनी दादाला एक रात्र झोपवून घेतलं, डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून. विश्वजितला बाहेर बाकावर बसवलं. काचेतून दादा दिसायचा. घोरणं तुटलं की इकडं याचं कोपर आपोआप हलायचं आणि शेजारी बसलेल्या म्हातारीला लागायचं.

सकाळी डॉक्टरनं समजावून सांगितलं. झोपेत घसा ढिला पडतो, जीभ मागं जाते आणि श्वासाची वाट मिटते. माणूस गुदमरतो, मेंदू त्याला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, रात्रभर हेच. म्हणून दिवसा झोप, म्हणून डोकेदुखी, आणि हृदयावर त्याचा ताण. दादाची मान जाड, जबडा मागं गेलेला. विश्वजितला ते चटकन कळलं. ठिबकची नळी मुडपली की पाणी अडतं, तसं. त्यानं तसं म्हटल्यावर डॉक्टर म्हणाला, अगदी तसंच.

उपायही सांगितले. वजन उतरवायचं, दारूला शिवायचं नाही, पाठीवर न झोपता कुशीवर झोपायचं. काहींना दातात बसवायची पट्टी देतात, ती खालचा जबडा पुढं ओढून धरते. काहींचं ऑपरेशन करतात. पण ज्योतिबाचा आजार फार पुढं गेलेला, त्याला रोज रात्री मशीन लागेल. तोंडावर मास्क बांधायचा, मशीन हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवतं. घरात आणखी कुणी घोरत असेल तर त्यालाही दाखवा, हे घराण्यात असू शकतं, असंही तो म्हणाला.

तेव्हाच विश्वजितनं आपला प्रश्न विचारला होता.

३

मशीनला वीज लागते, आणि रानात वीज कुठली. म्हणून ज्योतिबा घरी राहिला आणि मेंढरं विश्वजितकडं आली.

मशीन चपातीच्या डब्याएवढं. त्याला एक लांब नळी, नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं की बटण दाबायचीही गरज नाही. मास्कमध्ये कुणी श्वास घेतला की ते आपोआप चालू होतं आणि मास्क काढला की बंद होतं. ज्योतिबानं मास्क लावून नळी वर केली, हत्तीसारखी डोलवली आणि बायकोच्या मागं लागला. सोनिया हसून हसून बेजार झाली.

पहिल्या रात्री घर गप्प झालं. नुसती हवेची बारीक सुरसुर. सोनिया सकाळी दिराला फोनवर म्हणाली की लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती झोपली. महिनाभरात ज्योतिबाचा चेहराच उजळला. विश्वजित मधे एकदा घरी आला तर दादा कडुनिंबाला चढून शेळीला पाला तोडत होता आणि वरून त्यालाच चिडवत होता, काय रं, पेंगतूस का.

माळावर वीज जायची, त्याची सोय धोंडुबाईनं केली. डॉक्टर कुशीवर झोपा म्हणाला होता ना, तिनं दादाच्या जुन्या सदऱ्याला पाठीच्या मधोमध आतून खिसा शिवला, त्यात लोकरीचा घट्ट गुंडा घातला आणि खिसा शिवून टाकला. उताणं झालं की गुंडा पाठीत रुतायचा आणि माणूस झोपेतच वळायचा. पुढच्या खेपेला डॉक्टरनं सदरा बघून तिचं कौतुक केलं. पण बजावलंही, की तुमच्या मुलाला एवढ्यानं भागणार नाही, बाहेर जायचं तर बॅटरी घ्या, एक दिवससुद्धा मशीन चुकवू नका.

बॅटरीचं पुढं बघू, असं घरात ठरलं.

४

इकडं मेंढरं बसेनात. जाळी लावली की एका कोपऱ्यात गोळा व्हायची, उठायची, पुन्हा गोळा व्हायची. कोकरं ओरडायची. एका पहाटे लांडग्यानं कोकरू उचललं. चुलता म्हणाला, ज्योतिबाचं घोरणं न्हाई म्हणून. विश्वजितनं फोनवर दादाला हे गमतीनं सांगितलं, की तुझ्याबिगर मेंढरांना झोप न्हाई.

दादा हसला. मग म्हणाला, "मलाबी मेंढरांबिगर करमंना रं. यतो चार दिस. आयेचा सदरा हाय की."

आईनं सदरा दिला, मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. सोनिया नको म्हणत होती, पण तीही फार म्हणाली नाही. कारण दादा इतका तरतरीत दिसत होता की तो आजारी आहे हे आता कुणालाच पटत नव्हतं. विश्वजित तर स्टँडवर घ्यायला गेला आणि त्याला उचलूनच घेतलं.

रात्री सदरा घालून दादा कुशीवर झोपला, जरा घोरला, आणि मेंढरं मुकाट बसली. चुलत्यानं विश्वजितला डोळा घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन फार झालं. लालासाहेबांच्या रानाच्या बांधावर लिंबाखाली मेंढरं सावलीला बसली होती. दादा म्हणाला, घटकाभर पडतो. लोकरीच्या गुंड्यानं पाठ भिजली होती, म्हणून सदरा काढून त्यानं फांदीला अडकवला आणि पूर्वीसारखा उताणा झाला, हात डोक्याखाली. चांदण्या नव्हत्या, तर लिंबाच्या पानांकडं बघत पडला. विश्वजित कळशी घेऊन बोअरवर पाण्याला गेला. जाताना त्याच्या मागं घोरणं सुरू झालं होतं. ते ऐकून त्याला बरं वाटलं, हेच पुढं त्याला सोसवेना.

परत येताना घोरणं ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, मधली शांतता असंल.

मग बांध चढल्यावर मेंढरं दिसली. सगळी उभी होती. भर उन्हाची वेळ, एकही बसलेलं नाही, एकाचंही तोंड हलत नाही. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांची तोंडं लिंबाच्या बुंध्याकडं.

कळशी कुठं पडली ते त्याला कळलं नाही. त्यानं दादाच्या बरगडीत कोपर मारलं. पुन्हा मारलं. लालासाहेबांची माणसं पळत आली आणि त्यांनी त्याला ओढून बाजूला केलं, तेव्हाही तो हात सोडवून घेत एवढंच म्हणत होता, "कुशीला हो, दादा. कुशीला हो."

५

दिवस घालून झाले. दादाच्या अंगावरचं, पांघरायचं जे काही होतं ते रीतीप्रमाणं गेलं. तो सदरा मात्र धोंडुबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. धुऊन, वाळवून तिनं तो दादाच्या खोलीत खुंटीला अडकवला. मशीनलाही कुणी हात लावला नाही. उशाच्या स्टुलावर ते होतं तसंच राहिलं.

मेंढरांना सुतक नसतं, त्यांना चारा लागतो. विश्वजित परत तासगावला आला.

कुणी समजूत घालायला आलं तर अंगावर धावून जायचा. दुपारी मेंढरं सावलीला बसली की तो त्यांच्याकडं पाठ करून बसायचा. रवंथाचा आवाज तेवढा ऐकायचा. शेकडो तोंडं एकदम चघळतात, लांबून नदीचं पाणी वाहिल्यासारखं वाटतं.

एका दुपारी तो आवाज थांबला.

त्यानं वळून बघितलं. सगळ्या माना वर होत्या. वारा नव्हता, कुत्रं गप्प पडलं होतं, रस्ता रिकामा होता. मग काही न घडता माना खाली गेल्या आणि चघळणं सुरू झालं. त्याला वाटलं, साप असंल. उठून काठीनं बांध ठोकून आला. बसतो न बसतो तोच पुन्हा थांबलं.

घोरणं नव्हतंच. पण घोरण्यामधली जी जागा असायची, ती तशीच्या तशी येत होती, जात होती.

त्यानं स्वतःची समजूत घातली. जनावराला सवय लागते. इतकी वर्षं ऐकलं, ते डोक्यात बसलं असंल. ही समजूत पाचसहा दिवस पुरली. मग एकदा सगळ्यांनी माना उचलल्या तेव्हा त्याची नजर कोकरांवर गेली. दादा गेल्यानंतर जन्मलेली ती कोकरं. त्यांनी दादाला कधी ऐकलं नव्हतं. तीही आईचं आचळ सोडून, ओठांवर दूध तसंच ठेवून, मान वर करून थांबली होती. आणि सगळी उत्तरेकडं बघत होती. घराकडं.

शांतता दिवसागणिक लांबत चालली होती. एकदा तर इतकी लांबली की विश्वजितचं कोपर हवेत गेलं आणि रिकामं परत आलं.

त्याच संध्याकाळी सोनियाचा फोन आला. ती भित्री बाई नव्हती. एवढंच म्हणाली, "भावजी, घरला या. दुपारी मशीन आपसूक चालू हुतंय. आन् आत्याबाईंचं काय बरं दिसंना."

६

घरी पोचला तेव्हा दुपारच होती. पत्र्याचं घर, बाहेरची सोप्याची खोली आणि आतली दादाची. आतल्या दाराला नुसती कडी लावलेली. त्या दाराला पाठ लावून धोंडुबाई जमिनीवर झोपली होती.

सोनियानं त्याला हातानं गप्प राहायची खूण केली आणि हळू आवाजात सांगितलं. आधी दोनचार वेळा दुपारी मशीनचा आवाज आला. तिनं जाऊन बघितलं तर मास्क उशीवर, जसा ठेवला होता तसा, आणि मशीन चालू. हात लावला की बंद. तिला वाटलं उंदीर असेल, मग वाटलं विजेचा दाब कमीजास्त होत असेल. सासूला सांगितलं तर सासू घाबरली नाही, उलट तिच्या तोंडावर कळा आली. म्हणाली, माझा ल्योक झोपतोय, त्याला उठवू नगा. तेव्हापासून ती दुपारी दाराशीच झोपते.

"त्याचं कायबी न्हाई ओ," सोनिया म्हणाली. "मलाबी आवाज आला की बरं वाटायचं. रडूनबी घ्यायची. पर आत्याबाईंकडं बघा."

विश्वजित आईजवळ उकिडवा बसला. दारापलीकडं मशीनची सुरसुर चालू होती. तीत हवा आत जात होती, बाहेर येत होती. मास्क तोंडाला नीट बसला की जसा आवाज येतो तसा, ओला, भरलेला. धोंडुबाईचा श्वास त्या आवाजाबरोबर चालला होता. तो आत की हिचा आत. तो बाहेर की हिचा बाहेर.

मग आतला आवाज तुटला.

धोंडुबाईचा श्वासही तुटला. तिची छाती हलत होती, तोंड उघडं होतं, आणि आत काही जात नव्हतं. ओठ हळूहळू काळसर होत गेले. विश्वजितनं तिला कोपर मारलं, गदागदा हलवलं, आये आये म्हणून हाका मारल्या. ती जागी होईना. आत मशीन दाब वाढवत होतं, त्याचा सूर वर वर चढत होता. मग आत कुणीतरी बुडता बुडता वर आल्यासारखा घुटका घेतला, आणि त्याच क्षणी धोंडुबाईनंही घेतला.

सोनिया पदरात तोंड घालून उभी होती. म्हणाली की रोज हे जास्त वेळ चालतं. कालच्याला तर वाटलं, परत येतच नाहीत.

७

डॉक्टर म्हणाला होता, घराण्यात असतंय. विश्वजितनं ते वाक्य धरून ठेवलं. आईला तोच आजार असंल, बाकी सगळे मनाचे खेळ. आजारावर मशीन होतंच. दुसऱ्याचं मशीन तपासल्याशिवाय लावायचं नसतं हे त्याला सांगितलेलं होतं, पण विचार करत बसायचा त्याचा स्वभावच नव्हता. आईला हळूच बाजूला सरकवून त्यानं कडी काढली आणि आत गेला.

खोली लख्ख उजेडात होती. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. पलंग, उशी, स्टुलावर मशीन, खुंटीला सदरा. उशीवर मास्क. एवढंच.

त्यानं मास्क उचलला. तो गरम होता. आतल्या बाजूला वाफ धरली होती, आणि त्याच्या हातात असतानाच ती वाफ पुसट झाली, पुन्हा धरली. पुसट झाली, पुन्हा धरली.

त्यानं तो टाकून दिला आणि भिंतीतली पिन उपटली. सुरसुर बंद पडली. मग कळलं की ती होती तेच बरं होतं. कारण हवेचा आवाज गेल्यावर श्वास उघडा पडला. पलंगावरून येत होता. दादाचाच होता, त्यात ती शेवटची बारीक शीळसुद्धा होती, जी शेजारी झोपणाऱ्यालाच ऐकू येते.

श्वास तुटला. बाहेर सोनियानं त्याला हाक मारली.

कान लावायला तो पलंगाशेजारी खाली बसला, तेव्हा त्याची नजर गादीच्या बरोबरीला आली. गादी दबली होती. मधोमध नाही, अगदी कडेला. खांद्याची एक खोल जागा, कमरेची एक, गुडघे पोटाशी घेतल्यावर होते तशी एक. माणूस कुशीवर, अंग चोरून पडलेला असावा तशी.

विश्वजित बघत राहिला. आयुष्यभर ज्यानं सांगितलं, कुशीला हो, त्याचं दादा अजून ऐकत होता. मरताना उताणा होता, पण मरून गेल्यावर तो एकदाही उताणा झाला नव्हता. पाठीला काहीतरी टोचावं आणि झोपेतल्या माणसानं पुन्हा पुन्हा पुढं सरकावं, तसा सरकत सरकत पलंगाच्या काठाशी आला होता.

दादा गेल्यापासून विश्वजित नीट रडला नव्हता. ते आत्ता आलं, पण रडायला वेळ नव्हता. बाहेर आईचा श्वास अजून आला नव्हता. कोपर उचलून त्या खोल जागेत एकदा ढोसलं असतं, तर दादा आला असता. त्याला खात्री होती. इतक्या वर्षांत एकदाच तर तो आला नव्हता. आज आला असता, उद्या दुपारी आला असता, परवा आला असता. आणि आई दाराशी पडून त्याच्यामागं जात-येत राहिली असती, एखाद्या दिवशी ती तिकडंच राहीपर्यंत.

८

त्यानं खुंटीवरचा सदरा काढला. लोकर कातरायची कातर कमरेच्या पट्ट्याला होती, मेंढक्याच्या असतेच. आईनं खिसा फार बारीक टाक्यांनी शिवला होता, एकाच्या पोटात एक. म्हाताऱ्या डोळ्यांनी एवढं कसं शिवलं असेल. कातर मोठी, हात घाईचे. एकदा बोटाला लागलं, सदऱ्याला रक्ताचा ठिपका पडला. टाके तटातटा तुटत गेले आणि लोकरीचा गुंडा त्याच्या मांडीवर पडला. त्याला दादाच्या घामाचा वास होता. धुऊनही गेला नव्हता.

सदरा त्यानं झटकला आणि पलंगाच्या मधोमध अंथरला. पाठ खाली, बाह्या वर, उशीखाली दुमडून, हात डोक्याखाली घेतल्यासारख्या.

"दादा," तो म्हणाला, "उताणा हो. आता तुला कोण न्हाई उठवायचं."

काठाची खोल जागा सावकाश भरून आली. गादी मधोमध दबली. पत्र्याच्या फटीतल्या उजेडात सदऱ्याची छाती एकदा उचलली, आणि त्या खोलीत पोट भरून, मोकळं, रानात चांदण्याखाली असायचं तसं एकच घोरणं निघालं. मग ते थांबलं.

मधली शांतता आली. विश्वजितचं कोपर सवयीनं वर आलं.

दाराबाहेर धोंडुबाईनं खोल श्वास घेतला, खोकली, आणि सोनियाला पाणी मागितलं. नंतर तिचा श्वास एकटाच चालू राहिला, तिचा तिचा. खोलीत कुणी श्वास घेतला नाही. सदऱ्याकडं बघत विश्वजितनं ते वर आलेलं कोपर दुसऱ्या हातानं धरलं, पोटाशी घट्ट दाबून ठेवलं, आणि पत्र्याच्या फटीतलं ऊन विझेपर्यंत दादाला उठवलं नाही.